टाळ्यांच्या आधी दिवा

माननीय अध्यक्षमहोदय, खोकला थांबला ना? व्यासपीठावरच्या डॉक्टरीणबाई, गुडघा काय म्हणतो? नवे मुकादमसाहेब, इथलं पाणी मानवलं का? आणि आमच्या धुलाईगृहातल्या बंधुभगिनींनो, तुमच्या कमरा शाबूत आहेत हे खुर्च्या पकडायच्या घाईवरून दिसलंच! ज्यांना निरोप द्यायला जमलो त्या मुकादमबाई, तुमची प्रकृती मात्र विचारत नाही. डोळे सांगताहेत.

एक विनंती. इतक्यात कुणी टाळ्या वाजवू नका. दाराशी माझी भाची उभी आहे, चादरींच्या घड्या घालणारी तुमची ‘घडीताई’. बाईंना भेटायला आली आहे. एक कडकडाट झाला की पळेल, आणि ही भेट राहूनच जाईल.

डॉक्टर तिच्या स्थितीला स्वमग्नता म्हणतात. नावावरून वाटतं, पोरगी आपल्यातच बुडालेली. अहो, उलट! वाफेचा फुसकारा, नळाची धार, कुणाचं हसणं, साबणाचा वास, सगळं एकदम अंगावर येतं तिच्या. आपण कानाआड करतो, तिला ते जमत नाही. सगळ्यांचं असंच असतं असं नव्हे. मी आमच्या पोरीचं सांगतो.

मुकादमबाईंनी काय केलं? इस्त्रीचं यंत्र सुरू करण्याआधी दिव्याची दोनदा उघडझाप. बस. “घडीताई, येतंय गं!” एवढाच त्याचा अर्थ. मग यंत्र गर्जो नाहीतर नाचो, पोरीचं घड्या घालणं थांबत नसे.

परवा दिवा तसाच राहिला. नव्या साहेबांना आपण कुणी सांगितलंच नव्हतं. यंत्र फुत्कारलं, पोर टेबलाखाली. साहेब चांगल्या मनानंच हात धरून उठवायला गेले, तर ती किंचाळली.

मग मला म्हणाले, “मामा, हिला घरीच ठेवा. उद्या भाजलं-बिजलं तर जबाबदार कोण?”

साहेब, तुमची भीती खोटी नाही. सोमवारी तुम्ही काय ते ठरवणार. पण तेव्हापासून पोरीनं धड घास घेतलेला नाही. एकच विचारते, “सोमवारी दिवा कोण करणार?” मी काय सांगू?

असो. भाषण संपत आलं, टाळ्यांची वेळ झाली. दिव्याचं बटण, साहेब, तुमच्या खुर्चीमागेच आहे. घाई नाही. मी थांबतो.

...

केलंत! दोनदा! बघा, कानांवर हात आहेत तिचे, पण पाऊल उंबऱ्याच्या आत पडलंय. आता वाजवा मंडळी. जरा बेतानं.

सर्वांचे आभार. म्हाताऱ्याची जीभ कुठे घसरली असेल तर पोटात घाला. आणि बाई, पोहोचलात की लगेच पत्र लिहा. फक्त ‘येईन कधीतरी’ असं लिहू नका. वार लिहा. ती त्या दिवशी सकाळपासून दाराशी उभी असेल.