कानानं भरलेल्या टाक्या

— नाही हो साहेब, दाराला हात लावू नका, बाहेर अजून अमोनियाच आहे. बसा. फटीत ओला कपडा कोंबलाय, पाण्याचे फवारे चालू आहेत, वारा फिरला की सुटलो. वीस मिनिटं — फार तर तास. वजनकाटे तपासायला आलात आणि माझ्यासारख्या बडबड्याबरोबर या काचेच्या केबिनमध्ये कोंडले गेलात, नशीब एकेकाचं!

घाम पुसा. हा वायू मोकळा सोडला ना, तर अख्खं आवार व्यापेल, पण दाबला — कंप्रेसर दाबतोय, वरून गार पाणी पडतंय — की मुकाट पातळ होतो, पाण्यासारखा. कसा? एका खोलीत चौदा पाहुणे झोपवले की कसे अंग चोरून पडतात — तसा. मी तर एकदा सासूबाईंचा राग असाच दाबला, बादलीभर निघाला! हसा की. — फक्त टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, वर जागा सोडायची. ऊन लागलं की आतलं पातळ फुगतं, आणि ते काही आणखी दबत नाही, मग टाकीच हात टेकते. ही बाहेरची तशीच फाटली — म्हणजे, असेल, मला काय माहीत?

काटा? आहे की. बंद आहे. आठ दिवस झाले. मॅनेजर म्हणाले, तुला काटा कशाला, तुझा कान आहे ना! आहेच — टाकीवर पाना वाजवायचा, रिकामी जागा घणघणते, भरलेली नुसती ठक्क करते. एकवीस वर्षं वाजवतोय — काय? हळू बोलता बुवा तुम्ही. या बाजूला या, त्या कानानं जरा... कंप्रेसरनं खाल्ला तो. दुसराही तसा — नाही, येतं, येतं! ओठांवरून कळतं ना सगळं. सांगणार कुणाला? कान गेला म्हटलं की नोकरी गेली.

लिहिताय कशाला? एवढी एकच जास्त भरली असेल. बाकीच्या — बाकीच्या सकाळीच गेल्या. पस्तीस. ट्रकवर. हो, उघड्या ट्रकवर. उन्हातच. चालवतोय कोण? — माझा जावई.

...लिहा. बहिरा लिहा, काय हवं ते लिहा. हा घ्या रिसीव्हर, नंबर मी फिरवतो. सावलीत थांबव म्हणावं, आणि ट्रक सोडून लांब पळ. तोंड इकडे ठेवा, ओठ दिसू देत. — उचलला का त्यानं?