गाढवांच्या कार्डांवरचं कस्टम

हॅलो?… हॅलो, दीपे! दिला एकदाचा तुझ्या आईने फोन? ऐक, मनस्वी बोलत्ये, पोस्टातून. आलं पार्सल! इंग्लंडहून! हो, गाढवांच्या चित्रांची कार्डं, दुसरं काय…

नाही, हातात नाही अजून. काउंटरच्या पलीकडे आहे. दिसतंय मला. एका कोपऱ्याला चेपलंय, बाकी झकास…

अगो, कारण कस्टम भरायचंय. सतराशे चाळीस… एकशे चौऱ्याहत्तर नाही गो, सतरा-शे चाळीस! कार्डं नऊशेची नि कस्टम जवळजवळ दुप्पट. नाकापेक्षा मोती जड म्हणजे काय, ते आता मराठीच्या बाईंना मी शिकवीन…

हो, हो, सांगितलं ना काउंटरवरच्या महिपतकाकांना! म्हटलं, कार्डांचे पैसे तिकडच्या आश्रमातल्या म्हाताऱ्या गाढवांच्या औषधपाण्याला जातात, गाढवांवर कसला कर? ते म्हणाले, गाढवांवर नाही गो बाय, पार्सलवर आहे.

आज शेवटचा दिवस. नाही सोडवलं तर परत इंग्लंडला… तेच तर! उद्या शाळेचा आनंदमेळावा. 'ब'वाले पाणीपुरी लावतायत, आपण काय नुसता टेबलक्लॉथ विकायचा?

कोण कोण आहे तिकडे?… योगिनी, रसिका, तुळसा… काय? मी स्पीकरवर आहे? आधी सांगायचं ना, मेले!

पैसे काढताय? परत? अगो नको, सगळ्यांनी मिळून नऊशे दिलेत एकदा… योगिनीचे शंभर… रसिकाचे दीडशे… तुळसाचे किती? दोनशे? ते तिच्या एसटीच्या पासाचे आहेत! मग काय महिनाभर भाट्याच्या पुलावरून चालत येणार ती?… तुळसा, तू गप. आत ठेव ते पैसे. ठेवलेस?… नक्की?

ऐका. हसू नका, ऐका ना… एवढं कस्टम का लागलं, माहितीये? पार्सलवर लिहिलंय, 'हाताने रंगवलेली चित्रं, किंमत चाळीस पाउंड'. खरी किंमत आठ… अजिंक्यदादाने लिहिलं. हो, माझा आतेभाऊ, तिकडून त्यानेच पाठवली ना… त्याला शिव्या नको घालूस. मी सांगितलं त्याला तसं लिहायला.

एकदम सगळ्या ओरडू नका!

का म्हणजे? आमचे बाबा मुंबईला आंब्याच्या पेट्या पाठवतात, तेव्हा वर काय लिहितात? 'काचसामान'! मग कोणी आदळत नाही. मला वाटलं, महागडं लिहिलं की विमानवालेपण जपून आणतील… आणलं ना जपून! इतकं जपून, की आता देतच नाहीत.

दादा म्हणत होता, खरी किंमत लिहू. मी म्हटलं, तुला नाही कळत, तू तिकडे राहून बावळट झालायस… हो, म्हटलं असं. हसा, हसा. पाकिटात वीस गाढवं आहेत, एकविसावं पोस्टात उभं आहे.

दीपे, तू का नाही हसत?… रागावलीस?… बरं. रागव.

नाही, योगिनी, पैसे नाही भरायचे. काका म्हणतायत, खरं बिल जोडून अर्ज दे, मग पार्सल परत जात नाही, किंमत पुन्हा ठरवायला पाठवतात… किती दिवस? ते देवाला नि त्यांच्या साहेबांना ठाऊक. म्हणजे उद्या कार्डं नाहीत… हो, माझ्यामुळे. स्टॉलवर वही ठेवा, ऑर्डरी घेऊ. उभी मी राहीन. कोणी विचारलं तर मीच सांगेन, अगदी 'ब'वाल्यांनासुद्धा…

काय काका?… हां, लिहिते. 'चुकीची किंमत लिहिण्याचे कारण'… दादाचं नाव नको ना? त्याने नुसतं लिहिलं… माझं पूर्ण नाव? मध्ये बाबांचंपण?… अरे देवा. बरं…

दीपे, ठेवते गो. इथलं पेन दोरीला बांधलंय, नि दोरी इतकी आखूड, की मान खाली घालूनच लिहावं लागतंय.