जगात दुसरी किल्ली नाही

नाही, पण मी काय म्हणतो, एक तास पन्नास मिनिटं म्हणजे काही वेळ झाला का हो? बसा ना, इथेच पायरीवर बसा, मीही इथेच बसलोय, का ते सांगतो मागाहून... तर एक तास पन्नास मिनिटं. तेवढ्यात एका विमानातून उतरायचं आणि दुसऱ्यात बसायचं, परक्या मुलखात, आणि दोन्ही विमानं दोन वेगळ्या कंपन्यांची. तिकिटं जावयानं काढलेली. फोनवर म्हणतो कसा, "बाबा, आरामात होतं, लोक रोज करतात." आता घरी सोफ्यावर बसलेला माणूस जेव्हा दुसऱ्याला आरामात म्हणतो ना, तुम्हाला सांगतो, मला तेव्हाच संशय आला.

बरं, चुकलं तर पुढचं विमान दोन दिवसांनी. आणि मुलीचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला. बाळंतपणाचं. पहिलंच मूल, तेही आडवं आलेलं, आणि पोरगी फोनवर आईला एकच सांगत होती, "मला आत नेतील तेव्हा तू हवीस. बाकी काही आणू नकोस." मला नाही म्हणाली, आईला म्हणाली, ते जाऊ द्या. पण काळजी मलाही होती, खोटं कशाला बोलू.

आणि या दोन कंपन्या कशा? तर वाटण्या झालेल्या सख्ख्या भावांसारख्या. हिची बॅग ती उचलणार नाही, तिचं तिकीट हिला दिसणार नाही. म्हणजे आपणच उतरायचं, पासपोर्टच्या रांगेत उभं राहायचं, पट्ट्यावरून आपली बॅग घ्यायची, बाहेर पडायचं, वरच्या मजल्यावर जायचं, तिथे दुसरीच्या काउंटरवर बॅग पुन्हा द्यायची, आणि ते काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद! म्हणजे हातात राहिली किती? पन्नास मिनिटं. हे जावई बोलला होता का? नाही.

बॅगेची मात्र मला फिकीर नव्हती, कारण बॅगेला माझं कुलूप होतं. चाळीस वर्षं कुलपं करतोय मी. पितळी, हातानं घासलेलं, बुडाशी माझी खूण, तीन रेघा. गिऱ्हाइकाच्या हातात देताना सांगतो, "निर्धास्त जा, या कुलपाला जगात दुसरी किल्ली नाही." आमची ही म्हणाली होती, "बॅगेला एखादा लाल दोरा बांधू या, ओळखायला बरं." म्हटलं दोरा काय, कुणीही बांधेल. माझं कुलूप हीच ओळख. माणसांचे चेहरे मला आठवत नाहीत, कुलूप कधी विसरत नाही.

तर विमानात बसलो. पलीकडच्या रांगेत एक टकले गृहस्थ, मरून स्वेटर घातलेले. माझ्याकडे बघून हसले. ओळख ना पाळख, हसायचं कारण काय? मला तेव्हाच संशय आला. पाकीट खिशातून काढलं आणि मोज्यात घातलं. ही म्हणाली, "अहो, शेजारपाजारचं हसलं तर आपणही हसावं." म्हटलं हस तू, आणि मग पर्स शोधत बस.

त्यात विमान उतरायला दहा मिनिटं उशीर. राहिली चाळीस. पासपोर्टची रांग आमची आपली सरकत होती, तर गणवेशातली एक बाई आली आणि म्हणाली, "तुमचं पुढचं विमान आहे ना, या बाजूनं चला, लवकर होईल." का? बाकी शंभर माणसं सोडून आम्हालाच का? काहीतरी पाणी मुरतंय म्हटलं, आणि नाही म्हणालो. टकले गेले तिकडून. हिनं मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. त्या रांगेत गेली अठरा मिनिटं.

पट्ट्याशी पोचलो तर समोरूनच बॅग येतेय. करडी, चाकांची, आणि कुलूप माझं. उलटं करून पाहिलं, तीन रेघा. उचलली आणि निघालो. बावीस मिनिटं हातात होती, पोचलोच असतो हो. पण दहा पावलं गेलो नाही तोच मागून हाक, "अहो कुलूपवाले! थांबा, बॅग!"

वळून बघतो तर टकले.

आता मला सांगा, परक्या मुलखात या माणसाला माझा धंदा कसा माहीत? आणि डोळा कशावर, तर बॅगेवर. स्वतःच्या तोंडानं सांगतोय, बॅग. मी हिला म्हटलं, "मागे बघू नकोस, चल." लिफ्ट सोडली, कारण लिफ्टमध्ये माणूस सापडतो. जिन्यानं गेलो. हिचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत, एकेक पायरी मोजत चढत होती. वर आलो तर तो लिफ्टनं वर हजर, मान उंच करून शोधतोय. मी बॅग घेऊन पुरुषांच्या स्वच्छतागृहात शिरलो आणि आतून कडी लावली. ही बाहेर. पाच मिनिटं तसाच बसून, पाय वर घेऊन. मग दारावर धाडधाड, आणि हिचा आवाज. हो, पुरुषांच्यात. "तुम्ही बाहेर येताय, की मी एकटी जाऊ पोरीकडे? खड्ड्यात गेली ती बॅग. तिला आत नेतील तेव्हा तिचा हात कोण धरणार, तुमचं कुलूप?"

कडी काढली. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या डोळ्यांत असं पाणी मी पाहिलं नव्हतं. निघालो. धावलो.

काउंटरवर पोचलो तेव्हा पाच मिनिटं उरलेली. तिथली मुलगी चांगली होती, घाईघाईनं बॅग काट्यावर घेतली. सतरा किलो. मी घरून निघताना स्वतः वजन केलं होतं, बावीस. म्हणजे पाच किलोचा फरक. मला तेव्हाच संशय आला, म्हटलं यांचा काटा खोटा आहे. ती म्हणते, "काका, वजन कमी भरलं तर तुमचाच फायदा." म्हटलं आज कमी दाखवाल, येताना जास्त दाखवाल, मला शिकवू नका. ही कपाळाला हात लावून उभी. म्हटलं थांबा, आत्ता उघडून दाखवतो, आत काय काय आहे त्याची यादी आहे माझ्याकडे. किल्ली काढली, कुलपात घातली. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. झाकण उघडलं.

आत पुरुषाच्या विजारी. आठ. मरून स्वेटर, आणखी एक. दाढीचं सामान. हिनं पोरीच्या बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांचा पत्ता नाही.

लुटलं, म्हटलं. माझं कुलूप उघडून, सामान काढून, दुसऱ्याचं भरून पुन्हा लावलं. केवढी मोठी टोळी असेल बघा, मी त्या मुलीला म्हणतोय, पोलिसांना बोलवा... आणि तेवढ्यात टकले आले. धापा टाकत. हातात करडी बॅग, चाकांची. तिला पितळी कुलूप. बुडाशी तीन रेघा.

"अहो, किती हाका मारायच्या," ते म्हणाले. "तुम्ही माझी बॅग उचललीत. ही तुमची घ्या, चिठ्ठीवर तुमचंच नाव आहे. मीही याच विमानाला आहे." आणि मग त्यांची नजर गेली उघड्या झाकणाकडे. मग माझ्या हातातल्या किल्लीकडे. "सात वर्षांपूर्वी तुमच्याच दुकानातून घेतलं हे कुलूप. तुम्ही म्हणाला होतात, जगात दुसरी किल्ली नाही. मग हे उघडलं कसं?"

तुम्हाला म्हणून सांगतो, त्या वर्षी माझं मनगट धरलं होतं. एकेका कुलपाची किल्ली वेगळी कानसायची म्हणजे दोन दोन दिवसांचं काम. म्हणून एकाच साच्यात बारा काढली. बारा कुलपं, बारा किल्ल्या, सगळ्या सारख्या. एक घरी ठेवलं, अकरा विकली. म्हटलं अकरा माणसं अकरा दिशांना राहतात, एकमेकांच्या कुलपांना किल्ल्या कोण लावून बघतंय?

टकल्यांनी बघितली ना. स्वतःची किल्ली काढून माझ्या बॅगेला लावली. लोण्यासारखी.

हिनं एकदा त्या कुलपाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी आयुष्यभर दूधवाल्यावर, टपालवाल्यावर, हिच्या सख्ख्या भावावर संशय घेतला, ते सगळं एका नजरेत वसूल. म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं." एवढंच.

त्या मुलीनं दोन्ही बॅगा घेतल्या. काउंटर बंद व्हायला एक मिनिट होतं. विमानात टकल्यांची जागा नेमकी माझ्या शेजारी, आणि तुम्हाला सांगतो, सात तास तो माणूस स्वतःच्या पिशवीवर हात ठेवून जागा बसला होता. झोप लागली नाही त्याला. मी जरा हाललो की बघायचा.

पोचलो हो, वेळेत पोचलो. पोरीला आत नेलं तेव्हा ही होती, हात धरून. नात झाली. लबाड आहे, मला बघून डोळे बारीक करते.

आणि परत आल्यावर आमच्या हिनं काय करावं? घराच्या दाराचं माझं कुलूप काढलं आणि बाजारातून दुसऱ्याचं आणून लावलं. किल्ली एकच, तिच्या कमरेला. ती गेलीय बहिणीकडे, संध्याकाळी येईल, तोवर मी असा पायरीवर. उघडता येत नाही असं नाही हो मला, साध्या तारेनं दोन मिनिटांत उघडेल. पण उघडलं, तर तिला संशय यायचा.