बादलीतले पाच मासे

माझ्या गळाला किती मासे लागतात, हे मला विचारूच नका. मे महिन्यात उमरठला काकांकडे गेलो, नवी कोरी गळकाठी घेऊन. तळ्यात पाणी गुडघाभर उरलेलं. तासाभरात पाच मासे! पाण्याची बादली मिरवतच काकांसमोर ठेवली.

काका म्हणाले, “पानी आटलंय. पळायला जागाच नाय त्यांना. घावतील नाय तर काय रे?”

राग आला. पण जाऊन बादली तळ्यात रिकामी केली.

भातकापणीला पुन्हा गेलो. तळं काठोकाठ भरलेलं. काका शेजारी बसले. दिवस मावळला तरी एकही मासा लागला नाही.

“काका, आज रिकामाच चाललो.”

काका गळकाठी उचलून खांद्यावर घेत म्हणाले, “आज तुझं नि माशांचं बरोबरीचं झालं. उद्या परत येऊ.”