दारामागचं दार

जुन्या घरांच्या परवानग्या देणाऱ्या कचेरीत माझ्या पुढे दोघी बायका उभ्या होत्या.

“रस्त्याकडचं जुनं दार बदलू देईनात, म्हणून त्याच्या आत दुसरं बसवलं.”

“दाराला दार! मग आता काय अडलं?”

“आतलं इतकं घट्ट, की बाहेरची कडी ऐकूच येत नाही.”

“बेल लावायची ना.”

“जुन्या चौकटीला भोक पाडायचं नाही म्हणतात.”

“अगं बाई! कुणी येऊन परत गेलं की काय?”

“थोरले दीर. भांडून गेल्यावर पहिल्यांदाच आलेले. शेजारीण म्हणाली, खूप वेळ कडी वाजवत होते. आम्ही दोघं आत जेवत होतो.”

“मग जुनं काढायचा अर्ज देताय?”

“छे हो! नवंच ह्यांनी काल स्वतःच्या हातानं उखडलं. त्याला परवानगी लागत होती का, तेवढं विचारायला आलेय.”