पानियेमच्या घरातला कोबा

वेनिंग : पुन्हा विचारते, सिंबाह आजी, मोबाइलवरचा हा फॉर्म तसं सांगतो म्हणून. घरात फ्रिज?

पानियेम : मागच्या वेळीही नव्हता. आता कुठून येईल, पोरी? माझी कोंबडी अंडी घालते, फ्रिज नाही घालत.

सेतो : नाही म्हणून दाब आणि पुढे चल, वेनिंग. अजून नऊ घरं राहिलीत. शिवाय सिंबाहनी केलेली केळ्याची भजी गार होतायत.

वेनिंग : भिंती बांबूच्या. पाणी शेजारच्या विहिरीचं. शेळ्या दोन. घरातली जमीन कशाची...

सेतो : कोबा. मला विचार ना. मागच्या सहामाहीत पाच दिवस थापी घेऊन इथे रांगलोय, गुडघे अजून बोलतात.

पानियेम : आणि त्या कोपऱ्यात तुझ्या पायाचा ठसा राहिलाय. दिसत नाही मला, पण हाताला लागतो. वर माठ ठेवलाय, लोक हसू नयेत म्हणून.

वेनिंग : सेतो, इकडे बघ जरा.

सेतो : काय झालं? नेट गेलं?

वेनिंग : कोबा लिहिला आणि एकसष्ट गुण झाले. साठाच्या वर गेलं की ते घर गरीब नाही. माती लिहिलं की बावन्न होतात.

पानियेम : म्हणजे पास झाले की काय मी?

वेनिंग : पास झालात, तेच वाईट झालं, सिंबाह. गरिबांच्या यादीतून तुमचं नाव जातंय.

पानियेम : मग फुकट उपचारांचं ते दवाखान्याचं कार्ड?

वेनिंग : तेही जाईल.

पानियेम : अगं, पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे माझं. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिलीय. एक डोळा तर गेलाच. दुसऱ्यानंही माणूस आलंय एवढंच कळतं, कोण आलंय ते आवाजावरून ओळखते.

वेनिंग : आम्हीच केलं हे. धोरण शिकायला आलो, 'एक घर सुधारा' म्हणून गट पाडले, कोबा घातला, फोटो काढले. सरांनी वर्गात दाखवले तेव्हा टाळ्या वाजल्या. हा फॉर्म तेव्हाही माझ्या वहीत होता, सेतो. पाठ होता मला. तरी एकानंही विचारलं नाही की कोबा घातला तर यादीत काय होईल.

सेतो : आता रडू नकोस. सोपं आहे. माती दाब.

वेनिंग : फोटो जोडावा लागतो.

सेतो : मग मागच्या केळींतली चार घमेली माती आणतो, इथे पसरतो, फोटो काढतो, झाडून टाकतो. घातला मी, झाकतोही मीच.

पानियेम : माझ्या कोब्यावर माती टाकलीस तर त्याच थापीनं हाणीन.

सेतो : सिंबाह, डोळा महत्त्वाचा की कोबा?

पानियेम : आधी मला एक सांगा. उद्या दुपारी, असरच्या नमाजानंतर गावसभेत यादी मोठ्यानं वाचणार ना?

वेनिंग : हो. नाव, भिंत, जमीन, सगळं वाचतात. कुणाची हरकत असेल तर तिथेच सांगायची.

पानियेम : म्हणजे 'पानियेम, मातीची जमीन' असं वाचणार. आणि समोर त्याच बायका बसलेल्या असणार, ज्या माझ्या कोब्यावर बसून गेल्या.

वेनिंग : कोणत्या बायका?

पानियेम : गुरुवारच्या यासीनच्या. पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जमतात, गेलेल्या माणसांसाठी कुराणातला यासीनचा अध्याय वाचतात, मग चहा आणि गप्पा. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं माझी पाळी कुणी धरलीच नाही. रागानं नाही हं. ओल्या मातीवर चटई भिजते, म्हातारीकोतारींचे पाय आखडतात. मीही म्हणायचे, नको, माझ्याकडे अडचण होईल. तुम्ही शहरात परत गेलात आणि तिसऱ्याच गुरुवारी त्यांच्यातली म्होरकी बु लास्मी म्हणाली, या वेळी पानियेमकडे बसू. चौदा जणी आल्या. दाराबाहेरच्या चपला चाचपून मोजल्या मी. दोनदा मोजल्या.

सेतो : हे तुम्ही सांगितलंच नाही आम्हाला.

पानियेम : तुम्ही फ्रिज विचारता. हे कुठे विचारलंत?

वेनिंग : म्हणजे माती लिहायची नाही.

पानियेम : नाही. त्यांच्यासमोर मी खोटी ठरले तर पुन्हा कोण येईल माझ्याकडे? आणि मग डोळा बरा होऊन तरी बघायचं कुणाला?

सेतो : मग गेलंच कार्ड.

वेनिंग : थांब, थांब. फॉर्मच्या तळाला शेऱ्याची जागा आहे. गावसभेला वाटलं तर गुण जास्त असूनही नाव ठेवता येतं. फक्त ज्यानं पाहणी केली त्यानं शेरा लिहायचा आणि सभेत स्वतः उभं राहून वाचायचा.

सेतो : उद्या सर येतायत सभेला. याच कोब्याचे फोटो त्यांनी दोन विद्यापीठांत दाखवलेत. त्यांच्यादेखत वाचणार तू, की आमच्या प्रकल्पानं सिंबाहचं कार्ड घालवलं?

वेनिंग : तू वाचतोस?

सेतो : माझी जीभ फक्त भज्यांपुढे चालते. पण शेजारी उभा राहीन. खरंच राहीन.

वेनिंग : भीती वाटते रे मला. माझे परीक्षेतले गुण गेले तर गेले, पण सरांचा चेहरा बघवणार नाही. आणि गाव नाही म्हणालं तर?

पानियेम : गावाचं माझ्यावर सोड. बु लास्मी उठली की बाकीच्या उठतात. गुडघ्यांमुळे जरा वेळ लागेल, तेवढं थांबायला सांग तुझ्या सरांना.

(वेनिंग लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. सेतो भज्यांची बशी तिच्याकडे सरकवतो.)

वेनिंग : वाचते, सिंबाह. 'या घरातला कोबा आम्ही विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी घातला. तो यांच्या कमाईतून आलेला नाही. त्याचा यादीवर काय परिणाम होईल हे आम्ही बघितलं नाही, ही चूक आमची. कोब्याखेरीज या घरात काहीही बदललेलं नाही.'

पानियेम : छान लिहिलंस. शेवटचं तेवढं खोड.

वेनिंग : का? सगळा जोर त्याच वाक्यावर आहे. त्यामुळेच तर नाव राहील.

पानियेम : पण ते खरं नाही, पोरी. गुरुवारी येऊन बघ.