ओळखीच्या दोन व्यक्ती

...नाही, वयाचं मी समजू शकतो. छप्पन्न म्हणजे छप्पन्न, ते काही खोडून पंचेचाळीस करता येत नाही. शिक्षण विचारा, अनुभव विचारा, रक्तगट विचारा, आणि विचारतातही हो, बिजागऱ्या तपासणाऱ्या माणसाचा रक्तगट यांना कशाला लागतो देव जाणे, पण तोही मी लिहिला. माझं म्हणणं एवढंच आहे की चौथ्या पानावर तळाशी तो जो रकाना असतो ना, 'आपणांस चांगले ओळखणाऱ्या दोन व्यक्ती, नातेवाईक वगळून', तो रकाना कुणाच्या डोक्यातून निघाला? म्हणजे नोकरी मला पाहिजे आणि माणसं आणखी दोन आणायची?

तुम्हाला सांगतो, सहा महिन्यांत अकरा ठिकाणी जाऊन आलो. अकरा. प्रत्येक ठिकाणी तीच गार खोली, तीच प्लॅस्टिकची खुर्ची, शेजारी माझ्या भाच्याच्या वयाची पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली, त्यातला एक तर मला उठून म्हणाला, "सर, मुलाखत तुम्हीच घेणार आहात का?" मी म्हटलं, बस बाबा, मीही रांगेतच आहे. मग आत जायचं, समोरच्यानं कागद चाळायचे, "अरे वा, सत्तावीस वर्षं एकाच ठिकाणी?" असं म्हणायचं, म्हणजे मी जणू सत्तावीस वर्षं तुरुंगात होतो, आणि शेवटी उठता उठता हसून म्हणायचं, "कळवतो."

आता 'कळवतो' म्हणजे काय, ते मला विचारा. मी कुलपांच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीला होतो. किल्ली घालायची, तीनदा फिरवायची आणि कान लावून ऐकायचं. डोळ्यांचं काम नाही ते, कानाचं. कुलूप नीट लागलं की आवाज येतो, खट्. बारीक असतो, पण मला दहा हात लांबून कळतो. तर हे लोक गोड हसून 'कळवतो' म्हणाले की मला तो आवाज येतो. कळवतो. खट्. लागलं. ओढून बघायचीसुद्धा गरज नाही.

बरं, कान लावायचा तर शांतता पाहिजे, म्हणून माझी खोली आत, वेगळी, दार बंद. एका खिडकीतून कुलपांचा ट्रे आत यायचा, दुसऱ्या खिडकीतून बाहेर जायचा. खिडक्या केवढ्या? हात जाईल एवढ्या. सत्तावीस वर्षं मी माणसं मनगटापर्यंतच ओळखली हो. घड्याळवाला हात, भाजलेला हात, नखं खाणारा हात. भाजलेल्या हाताला मुलगी झाली तेव्हा त्यानं ट्रेमध्ये पेढा ठेवला होता, मी उलट चिठ्ठी पाठवली, 'अभिनंदन'. एवढी आमची मैत्री. पुढं लोकांची दारं नंबर दाबून उघडायला लागली, कुलपं खपेनात, कारखाना बंद झाला, आणि फाटकापाशी सगळे गळ्यात पडून रडत होते. मी आपला हात बघत फिरतोय, भाजलेला कुठला, घड्याळवाला कुठला. थंडीचे दिवस, निम्म्यांचे हात खिशात.

तर बाराव्या ठिकाणी, बिजागऱ्यांच्या कारखान्यात, चमत्कार झाला. तिथल्या इंजिनिअरनं माझ्यापुढं वीस बिजागऱ्या टाकल्या, मी एकेक उघडमीट केली आणि सातवी बाजूला काढली. तो म्हणाला, "अहो काका, मशीननं तिला पास केलंय." मी म्हटलं, मशीनला कान आहेत का? उघडून बघा. बघितलं तर आत बारीक कच अडकलेली. गडी उठून उभाच राहिला. "काका, आम्हाला हाच माणूस पाहिजे." मग त्यानं मला तपासणीची जागा दाखवली, आणि तुम्हाला खरं सांगतो, तिथं मी हरलो. एक मोठं टेबल आणि त्याभोवती सहा खुर्च्या. पाच भरलेल्या. एक बाई काम करता करता गुणगुणत होत्या, एक जण डब्यात काय आहे ते सांगत होता, बाकीचे त्याला हसत होते, आणि सहावी खुर्ची रिकामी. मला पगार पाहिजे, नाही असं नाही. पण मला ती खुर्ची पाहिजे होती. सकाळी जाऊन बसल्यावर कुणीतरी "आज उशीर केलात" म्हणावं, बास, एवढंच. घरी मी बारा वाजता उठलो तरी विचारणारं कोणी नाही.

आणि तो 'कळवतो' म्हणाला नाही, बरं का. म्हणाला, "झालंच समजा. फक्त हा फॉर्म भरून द्या." झालं, पान चौथं.

मी आपलं पहिल्यांदा ताईला फोन लावला. ताई माझी मोठी बहीण, लांब राहते, रविवारी फोन करते. म्हटलं, ताई, मला ओळखणारं कोण आहे गं? म्हणाली, "मी आहे की." म्हटलं, नातेवाईक चालत नाहीत. तर तिला राग आला. "मी चालत नाही? तुला न्हाऊमाखू मी घातलंय, शाळेत पोहोचवायला मी येत होते, तुला माझ्याइतकं ओळखतं कोण? त्या फॉर्मवाल्याचा नंबर दे मला." तिला शांत करता करता माझी पंधरा मिनिटं गेली, रकाना तसाच.

मग कारखान्यातल्या जुन्या सुपरवायझर साहेबांचा नंबर शोधून काढला. म्हटलं, साहेब, मी आतल्या खोलीतला, तपासणीचा. साहेब म्हणाले, "हो हो, आठवलं, आतल्या खोलीतले. दोघं होतात ना तुम्ही तिथं? त्यातले तुम्ही कुठले?" म्हटलं, साहेब, मी एकटाच होतो. "असं कसं, काम तर दोघांचं निघायचं." आता याला कौतुक म्हणायचं की काय म्हणायचं? म्हटलं, साहेब, तुमचं नाव देऊ का? तर साहेब म्हणाले, "मुलाला विचारून कळवतो." खट्.

शेवटी गेलो झेरॉक्सवाल्याकडं. गल्लीच्या कोपऱ्यावर दुकान आहे त्याचं, सहा महिने माझा बायोडाटा तोच काढून देतोय, ताई सोडली तर आठवड्यातून एकदा तरी माझ्याशी बोलणारा हाच एक. भीत भीत विचारलं. तो कागद लावता लावता म्हणाला, "द्या की काका, त्यात काय. विचारलं तर सांगीन, पानाची कड दुमडलेली यांना चालत नाही, दुसरी प्रत काढायला लावतात." अहो, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याबद्दल कुणाच्या तरी काहीतरी ध्यानात आहे.

एक झाला. दुसरा कुठून आणू? तीन दिवस मी खिडकीत उभं राहून रस्त्यावरून जाणारी माणसं बघितली, म्हटलं यातलं एक मला चांगलं ओळखणारं असतं तर काय बिघडलं असतं. चौथ्या दिवशी फॉर्म द्यायची शेवटची तारीख. आणि मी... आता हसू नका. मी मलाच लिहिलं. घरचा जुना फोन आहे ना, कोपऱ्यात, भिंतीला लावलेला, त्याचा नंबर दिला. नाव दिलं आईच्या वडिलांचं, ते काही तक्रार करायला येत नाहीत. नातं, 'जुने स्नेही'. ओळख कधीपासून, 'लहानपणापासून'. यात खोटं काय आहे, तुम्हीच सांगा?

दोन दिवसांनी जुना फोन वाजला. वर्षभरात पहिल्यांदा. रिसीव्हरवर रुमाल धरला, घसा खाली ओढला आणि म्हटलं, हॅलोऽऽ. पलीकडून त्यांच्या ऑफिसातल्या बाई. आवाज इतका गोड की मला बसायला खुर्ची ओढावी लागली. "आपल्या स्नेह्यांबद्दल जरा विचारायचं होतं." विचारा. "कामाला कसे आहेत?" म्हटलं, एक नंबर, सत्तावीस वर्षांत एक खाडा नाही. "स्वभाव?" सरळ. गाडी कशी अगदी रुळावर होती हो. आणि मग बाईंनी विचारलं, "काही उणीव?"

आता इथं माझं घोडं अडलं. आमच्या कारखान्यात प्रत्येक कुलपाबरोबर एक चिठ्ठी असायची आणि चिठ्ठीवर शेवटचा रकाना 'शेरा'. तो रिकामा सोडायचा नाही, साहेबांचा कडक नियम. रिकामा दिसला की म्हणायचे, "म्हणजे तुम्ही बघितलंच नाही." त्यामुळं कुलूप सोन्यासारखं असलं तरी काहीतरी लिहायचंच, किल्ली किंचित घट्ट, कडी जराशी तिरकी. सत्तावीस वर्षांची सवय. मी तोंड उघडलं ते 'काही नाही' म्हणायला, आणि बाहेर पडलं, "आहे ना. माणसांत मिसळत नाही."

बाई म्हणाल्या, "म्हणजे?" आणि कशी कोण जाणे, माझी जी टकळी सुरू झाली ती थांबेचना. म्हटलं, बाई, एकटा आहे हो तो. जेवताना रेडिओ लावतो आणि बातम्या सांगणाऱ्याला मधून मधून 'हं, हं' म्हणतो. बाजारात मुद्दाम लांबच्या रांगेत उभा राहतो, तेवढीच गर्दी. चुकीचा नंबर लागून कुणाचा फोन आला तर पाच मिनिटं ठेवत नाही, त्या माणसाला पाहिजे होता तो नंबर शोधायला मदत करतो. पाहुणा येईल म्हणून दोन कप घासतो, पाहुणा येत नाही, दुसऱ्या दिवशी तेच दोन कप पुन्हा घासतो. बोलायची फार हौस आहे हो त्याला, पण सत्तावीस वर्षं गप्प बसायचाच पगार घेतला, आता सुरुवात कुठून करायची ते त्याला येत नाही.

पलीकडून बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला त्यांची फार काळजी वाटते, नाही?" मी म्हटलं, मला नाही वाटणार तर कुणाला वाटणार? रुमाल केव्हाच खाली पडला होता, माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मग इकडचं तिकडचं बोललो. त्यांनी विचारलं, आपण काय करता? म्हटलं, मीही तपासणीतलाच, हल्ली मोकळाच आहे. चाळीस मिनिटं बोललो हो. चाळीस.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप. आपली निवड होऊ शकली नाही, टेबलवर सहा जणांनी मिळून करायचं काम आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कपाळाला हात लावून बसलो. म्हणजे अकरा जणांनी मला न ओळखता नाकारलं आणि बाराव्या ठिकाणी मला ओळखणाऱ्यानं घालवलं. ती सहावी खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

आणि तासाभरानं, तुम्हाला सांगतो, कोपऱ्यातला जुना फोन वाजला. त्याच बाई. "आजोबा... नाही, काका म्हणू का? तुमच्या स्नेह्यांचं नाही जमलं. पण मी साहेबांना म्हटलं, जवळच्या मित्राबद्दलसुद्धा इतकं खरं सांगणारा माणूस तपासणीला पाहिजे. आणि बोलता किती मोकळं, टेबलवर सगळ्यांशी जमेल तुमचं. ती जागा आहे अजून. याल का?"

माझ्या जिभेवर आलं होतं, बाई, तो मीच. पण मग सांगायचं काय, की ज्याच्या खरेपणावर तुम्ही भाळलात तो पहिल्या शब्दापासून खोटा होता? ओठ मिटून घेतले. आणि त्या पुढं म्हणतात कशा, "आणि एक सांगू का, तुमच्या त्या मित्राकडं जरा जात येत जा. फार एकटे आहेत हो बिचारे." म्हटलं, रोजच असतो त्याच्याकडं. पण आमचं काही बोलणं होत नाही.

"बरं, मग येताय ना? काही नाही, एक छोटा फॉर्म आहे, नातेवाईक सोडून दोन व्यक्ती लागतील."

मी हिशेब मांडला. एक झेरॉक्सवाला. दुसरा... दुसरा आहे की, बाराही महिने घरी असतो, मोबाइल नंबर तुमच्याकडं आहेच. पण विचारलंत तर तो माझ्याबद्दल काय शेरा मारील, ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. रकाना रिकामा सोडायचा नाही तो.

"काका? ऐकताय ना? काय करू मग?"

म्हटलं, कळवतो.

खट्.